तोराओ-सानचे बारा अंश

गिऱ्हाईक उंबरठ्यावर पाय ठेवायच्या किंचित आधी त्याला 'या' म्हणावं. फार आधी म्हटलं तर ते बिचकतं आणि पुढच्या दुकानात शिरतं. उशिरा म्हटलं तर रुसतं, आणि तरीही पुढच्याच दुकानात शिरतं. हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही. इना गावच्या बाजारपेठेत बेचाळीस वर्षं जुन्या मोटारींचे सुटे भाग विकता विकता आलं. इंजिनातल्या ठिणगीचंही नेमकं असंच असतं. पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी ती पडावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात. आणि ते ठरतं डिस्ट्रिब्युटर नावाच्या एका डब्यावर. चहाच्या पेल्याएवढा डबा, डोक्यावर वायरींच्या शेंड्या. तो जरा इकडे फिरवला की ठिणगी लवकर, जरा तिकडे फिरवला की उशिरा. हल्लीच्या गाड्यांत हे सगळं संगणक बघतो म्हणे. बघू दे. माझं गिऱ्हाईक हल्लीचं नाही.

चहा उकळायला वेळ आहे तोवर सांगतो. धंद्यात मी चार शब्द वाढवून बोलतो, हे तुम्ही ओळखून आहात. पण या गोष्टीत वाढवायला जागा नाही. उलट ऐकणाऱ्याला पटावी म्हणून थोडी कमी करूनच सांगावी लागते.

तीन वर्षांपूर्वीची ऑगस्टची बारा तारीख. सकाळी दुकान झाडत होतो, फोन वाजला.

"कारासावा-सान, उद्या संध्याकाळपर्यंत आमची गाडी चालू करून द्याल का?"

आवाज फुसाए कितहारांचा. वरच्या वाडीतल्या. त्यांचे यजमान तोराओ-सान माझं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. फेब्रुवारीत अंगणातला बर्फ ओढता ओढता गेले. त्यांची शोवा बेचाळीस, म्हणजे १९६७ सालची गाडी होती, मोहरीच्या रंगाची, चार दारांची. ती त्यांनी बायकोपेक्षा जास्त पुसली असेल. आमच्या दोघांत तीस वर्षांत वाद एकच. कंपनीचं पुस्तक म्हणतं, ठिणगी आठ अंश आधी. तोराओ-सान म्हणायचे बारा. दुकानात शिरले की 'कसं काय' नाही, 'उकाडा फार' नाही, काउंटरवर पंजा आपटायचा आणि म्हणायचं, "बाराच!"

"पुस्तकात आठ आहे," मी म्हणायचो.

"पुस्तक लिहिणारा आमच्या वाडीचा चढ चढलाय का?"

"आणि तुम्ही पुस्तक वाचलंय का?"

मग ते माझा चहा पिऊन निघून जायचे. बाराला इंजिन हसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"उद्याच? एवढी घाई कसली?" मी फुसाए-सानना विचारलं.

"उद्या तेरा तारीख ना. त्यांना आणायला जायचंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोराओ-सानचा हा पहिलाच ओबोन. तेराला देवळामागच्या कबरीपाशी भूर्जाची साल जाळून गेलेल्यांना घरी घेऊन यायचं, सोळाला पुन्हा पोचवायचं, ही आमच्याकडची रीत. त्यांना बसायला घराघरांत वाहन मांडतात. येताना भरधाव यावं म्हणून काकडीला काटक्यांचे पाय लावून घोडा. जाताना रेंगाळत जावं म्हणून वांग्याचा बैल.

"काकडीचा घोडा ठेवा की," मी म्हटलं.

"जन्मात त्यांनी काकडीला तोंड लावलं नाही, तिच्यावर बसतील होय? शेजारच्या घरी जायचं तरी हे गाडी काढायचे. त्यांना त्यांच्या गाडीतूनच आणणार मी."

"चालवणार कोण?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग भिंतीआड कुणी ऐकत असल्यासारख्या दबक्या आवाजात बाई म्हणाल्या, "मी. जूनमध्ये लायसन्स मिळालं. चौथ्या खेपेला."

सहासष्ट वर्षांची बाई. एकेचाळीस वर्षं डावीकडच्या सीटवर मांडीवर नकाशा घेऊन बसलेली. जिथे जायचं तिथला रस्ता तोराओ-सानना पाठ असायचा, तरी नकाशा तिच्या मांडीवर हवाच. या गाडीच्या स्टिअरिंगला तिने एकदाच हात लावला होता, तोही पुसायला.

मी गेलो. शेडचं शटर उचललं, गाडीवरची चादर काढली. नवी बॅटरी टाकली, पॉइंट घासले, प्लग बदलले. दोनदा खोकून इंजिन लागलं. मग टायमिंगचा दिवा काढला. पिस्तुलासारखा असतो तो. दोन चिमटे बॅटरीला, तिसरा पहिल्या प्लगच्या वायरीला. त्या प्लगमध्ये ठिणगी पडली की दिवा लखकन चमकतो. त्यामुळे गंमत अशी होते की पुढची पुली मिनिटाला आठशे-नऊशे वेळा गरगरत असली, तरी दिव्याच्या उजेडात तिच्यावरची पांढरी खूण जागच्या जागी थांबलेली दिसते. नुसत्या डोळ्याला जे दिसणं शक्य नाही, ते हा दिवा दाखवतो.

खूण बारावर होती.

पाना माझ्या हातात होता. बोल्ट सैल करायचा, डबा जरा फिरवायचा, आठवर आणायचं. एका मिनिटाचं काम आणि तीस वर्षांच्या वादात माझा विजय. पण खुंटीला त्यांचं निळं कामाचं जाकीट टांगलेलं होतं. म्हटलं, जाऊ दे. माणूस गेला, वाद गेला. येताना घोड्यासारखाच यायचाय ना, मग राहू देत बारा. दया दाखवून पस्तावायची माझी ती आयुष्यातली तिसरी वेळ.

तेराला बाईंना धीर म्हणून मीही बरोबर गेलो. चढावर इंजिन थोडं खडखडलं, पण पोचलो. त्यांनी कबरीपाशी साल पेटवली, हात जोडले, परत येऊन गाडीचं मागचं दार उघडलं आणि कुणाला तरी वाट दिल्यासारख्या बाजूला सरकल्या.

"चला, अहो."

वारा नव्हता. झाडांवर रातकिडे कर्कश ओरडत होते, ते एकदम थांबले. आणि गाडीत कापराचा वास आला... पाठीला लावायच्या औषधी पट्ट्यांचा. तोराओ-सान बारा महिने पाठीला दोन पट्ट्या लावून असायचे.

बाईंनी आरशात बघितलं. "आले का हो?"

"वास तरी आलाय," मी म्हटलं.

उतारावरून गाडी अशी सुटली की घोड्याने लाजावं.

चौदाला सकाळी फोन. "कारासावा-सान, गाडीची सीट कुणीतरी मागे सरकवलीय. अगदी शेवटपर्यंत. माझे पाय पोचत नाहीत."

"खटका सैल झाला असेल."

"आणि आरसा पण फिरवलाय. त्यात मला छतच दिसतं."

पंधराला पुन्हा. "देव्हाऱ्यापुढे सोबाच्या शेवया ठेवल्या, त्यांना हात नाही. दिवसभर शेडमध्येच बसलेत. म्हणजे जिवंतपणी होते तसेच." पुढे म्हणाल्या, "उद्यासाठी वांग्याचा बैल केला होता. सकाळी बघते तर वांगं भाजीच्या टोपलीत, आणि पायांच्या चारही काटक्या शेजारी नीट रचून ठेवलेल्या."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

सोळाला दुपारी साडेचारला फोन आला, तेव्हा त्यांना धाप लागली होती. "गाडी चढत नाही हो! पहिल्या वळणावरच थांबते, हिसके देते. साडेसहाला देवळात घंटा आहे. घंटेनंतर ओशो-सान निरोपाची आग विझवतात. लवकर या."

ओशो-सान म्हणजे आमच्या देवळाचे भिक्षू. मी माझी माल वाहायची व्हॅन काढली आणि अकरा किलोमीटर दामटली. त्यांची गाडी स्वतः चालवून बघितली. पहिल्याच वळणावर इंजिनात पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज, आणि जोर काही नाही. ठिणगी फार लवकर पडत असल्याचं लक्षण. कशीबशी मागे आणली. उजेडात खूण नीट दिसत नाही म्हणून शेडचं शटर खाली ओढलं, दिवा लावला.

बावीस.

"फुसाए-सान, याला कुणी हात लावला?"

"मला बॉनेट तरी उघडता येतं का?"

बोल्टला पाना लावून बघितला. घट्ट होता. मी घट्ट केला होता त्यापेक्षाही घट्ट.

"जायचं नाहीये त्यांना," बाई हळूच म्हणाल्या.

आधी सोपा उपाय म्हणून व्हॅनचं दार उघडून मी अदबीने वाकलो. "तोराओ-सान, आज आमच्या गाडीतून..." गाडीतला कापराचा वास जागचा हलला नाही. बरोबरच होतं. मालाच्या गाडीत ते जिवंतपणीही बसले नसते. मग बाईंनी देवळात फोन लावला. ओशो-सानचा आवाज मला पलीकडूनही ऐकू येत होता.

"ज्या गाडीतून आणलंत तिच्यातूनच पोचवा. घंटेला मी कुणासाठी थांबत नाही हं. आज राहिले तर पुढच्या ओबोनपर्यंत तुमचा पाहुणा. गेल्या साली मियाशितांचे आजोबा राहिले, वर्षभर त्यांच्या टीव्हीवर सुमोशिवाय काही लागलं नाही. त्यांची सून अजून माझ्याशी बोलत नाही!"

बाईंनी फोन ठेवला. गाडीच्या छतावरून एकदा हात फिरवला.

"उद्यापासून वाडीतल्या म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवायचं काम घेतलंय मी," त्या म्हणाल्या. "अकरा घरं आहेत. गाडी माझी, चालवणार मी, असं लिहून दिलंय. त्यांच्यावर राग नाही हो माझा. तीन दिवस बरं वाटलं, घरात कुणीतरी आहेसं. पण आज नाही गेले, तर उद्या मी पुन्हा डाव्या सीटवर. कळतंय ना तुम्हाला?"

मला कळत होतं. तोराओ-सानना ओळखणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

बाई पाठीमागे दोन उशा घेऊन सीटवर बसल्या, पाय एक्सिलरेटरला टेकवला. शेडमध्ये अंधार, शटरच्या फटीतून उन्हाची एक रेघ, गरम तेलाचा वास आणि त्यावर तो कापूर. मी बोल्ट सैल केला. डबा हाताने फिरवत खूण आणली आठवर. हे काम एकट्याने करणं म्हणजे शिक्षा असते. एका हातात दिवा, एका हातात डबा, आणि बोल्ट आवळायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. डबा सोडून पाना उचलतो, तर खूण सरकली. नऊ... अकरा... पंधरा.

पुन्हा आठवर आणली. पुन्हा सरकली.

माझा हात घामेजलाय, असं मी मला सांगितलं. मग दिवा जरा वर उचलला.

डब्यावर एक पंजा होता.

लख्ख, काळोख, लख्ख, काळोख... प्रत्येक चमकीत तो तिथे होता, मधल्या काळोखात नव्हता. उजवा पंजा. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. जॅक निसटून ते कसं दुभंगलं, ते मी स्वतः बघितलं होतं. मनगटावर निळ्या जाकिटाची बाही, आणि बाहीच्या पुढे... पुढे असेलही काही, माझ्या दिव्याचा उजेड तेवढाच पोचत होता. मी काही तो वर नेला नाही.

मी दिवा बंद केला. नुसता डबा. चालू केला. पंजा.

"कारासावा-सान? काय झालं?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"काही नाही... मोजतोय."

पळून जावंसं वाटलं, हे कशाला लपवू. पण शटर खाली होतं आणि ते उचलायला पंजाकडे पाठ करावी लागली असती. आणि खरं सांगतो, भीतीच्या तळाशी थोडी चीडही होती. तीस वर्षं वाद घातला, मेल्यावर दया दाखवून बारा ठेवले, तर हा माणूस बावीस मागतो? व्यापाऱ्याच्या जातीला हे सहन होत नाही.

"तोराओ-सान," मी दबक्या आवाजात म्हटलं, "बावीस हा काही भाव नाही. आठ."

मी डबा आठवर आणला. पंजाने तो सावकाश अठरावर नेला. म्हणजे बोलणी सुरू झाली होती. मासळीबाजारातही भाव बोटांनीच ठरतो. माणूस बोलला नाही म्हणून सौदा अडत नाही.

"नऊ."

सोळा.

"अहो, तुमच्याच इंजिनाचे तुकडे होतील. साडेनऊ. माझ्या नातवाची शपथ, याच्यावर नाही जमणार."

चौदा. मला नातू नाही, हे त्यांना बहुतेक ठाऊक असावं.

तिथे दोघेही अडून बसलो. माझ्या बोटांखाली डबा गरम होता, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूने येणारा जोर थंड. विहिरीतल्या कळशीसारखा थंड. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. माझ्या मनगटावरचं घड्याळ चमकीत दिसलं, सहाला पाच कमी.

"तुम्ही त्यांच्याशी बोलताय," बाई म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

मी डबा आणखी घट्ट धरला.

"कितीवर अडलंय?"

"ते चौदा म्हणतात. मी साडेनऊ."

बाई सीटवरून उतरल्या नाहीत. समोरच्या काचेतून, उघड्या बॉनेटकडे बघत, घरात भाजी निवडताना बोलावं तशा बोलल्या.

"अहो, ऐका. गाडी मी चालवणार आहे. चौथ्या खेपेला का होईना, पास झालेय. तुम्ही डावीकडे बसणार. आणि तुमचे ते बारा... एकेचाळीस वर्षं मी या इंजिनाचा आवाज ऐकत बसलेय. माझ्या हातात दुसरं होतं काय? बाराला ते तिसऱ्या वळणावर हसतं म्हणायचात ना? ते हसत नव्हतं हो. दात खात होतं. आणि कारासावा-सान, तुमच्या आठला ते पडवळासारखं लोंबतं. तुम्ही एकदा आठ करून पाठवलंत, तेव्हा वरच्या विहिरीपाशी यांना उतरून ढकलायला लागलं होतं. तुम्हाला सांगितलं नसेल यांनी."

खरंच सांगितलं नव्हतं.

"दहावर ठेवा," बाई म्हणाल्या. "दहाला ते काहीच बोलत नाही. नुसतं चढतं."

इंजिन एकदा अडखळलं. मग डब्यावरचा जोर हळूहळू कमी झाला. खूण सरकत आली, तेरा, बारा... बारावर जरा रेंगाळली, सवयच ती... अकरा... आणि दहावर थांबली. तीस वर्षं आम्ही दोघं डोकी फोडत होतो, आणि जी बाई रोज त्या इंजिनामागे बसत होती तिला एकदाही विचारलं नव्हतं.

पंजा डब्यावर तसाच राहिला. मला वाटलं पुन्हा दगा, पण नाही. तो डबा धरून होता, मी बोल्ट आवळावा म्हणून. बेचाळीस वर्षांच्या धंद्यात केसभरही न हलता आवळला गेलेला तो माझा एकमेव बोल्ट. तिसरा हात असला की काम कसं होतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

सहा वाजून बारा मिनिटांनी शेडबाहेर पडलो. बाई स्टिअरिंगवर, मी मागे. डावी सीट रिकामी, म्हणजे दिसायला रिकामी. मधोमध खोल दबलेली होती. बाईंनी डॅशबोर्डच्या खणातून नकाशा काढला आणि त्या खळग्यावर ठेवला. तो तिथेच तरंगल्यासारखा राहिला, सीटच्या वीतभर वर.

पहिलं वळण गेलं. इंजिन काही बोललं नाही. दुसऱ्या वळणाला समोरून मक्याचा ट्रॅक्टर आला, आणि डावीकडची पायपुसणी एकदम चुरगळली. नवशिक्याशेजारी बसणारा प्रत्येक माणूस तिथे नसलेला ब्रेक दाबतोच. मेल्यानेही ती खोड जात नाही, एवढी माहिती मला मिळाली.

"दाबू नका," बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "दिसलाय मला."

तिसऱ्या वळणावर त्यांनी दुसरा गिअर टाकला, अगदी वेळेवर, ना लवकर ना उशिरा, आणि गाडी त्या चढावर पाण्यावरून गेल्यासारखी गेली. नकाशाला हलकीशी सुरकुती पडली. कुणी तो घट्ट धरावा तशी.

देवळाच्या अंगणात ओशो-सान एका हातात पाण्याची बादली घेऊन उभेच होते. आगीचे निखारे झाले होते.

"कितहारा-सान, अजून दोन मिनिटं थांबलो असतो आणि मग—"

बाईंनी किल्ली फिरवून काढून घेतली. इंजिन बंद झालं नाही. तापलेलं जुनं इंजिन किल्ली काढल्यावरही दोन-चार गचके देतं, ते मी गिऱ्हाइकांना हसत समजावून सांगतो. पण हे गचके नव्हते. ते एका लयीत, शांत, चालूच होतं. मी उतरून बॉनेट उचललं, कॉइलची जाड वायर उपटून हातात घेतली. ठिणगीला आता वाटच उरली नव्हती. तरी चालू.

ओशो-सान बादलीसकट दोन पावलं मागे सरकले. "हे... हे तोराओ का?"

बाई वळसा घालून डाव्या दारापाशी आल्या. दार उघडलं. आणि कंबरेत खोल वाकल्या, पाहुण्याला निरोप देताना वाकतात तशा.

"खूप फिरवलंत मला," त्या म्हणाल्या. "आता उतरा. मला उद्या काम आहे."

इंजिन आणखी एक, दोन, तीन फेरे फिरलं. मग थांबलं. सीट सावकाश वर आली. कापराचा वास माझ्या खांद्याजवळून गेला, आणि निखाऱ्यांतून हातभर ज्वाळा उठली, भूर्जाची नवी साल टाकल्यासारखी. वर घंटा झाली.

ओशो-सान पाणी ओतायचं विसरले. मग म्हणाले, "जिवंतपणी हा माणूस एकदाही वेळेवर आला नव्हता."

कॉइलची वायर परत लावून उताराने आम्ही दोघंच परतलो. अंधारून आलं होतं. गाडी शेडमध्ये लावल्यावर बाई इंजिन चालूच ठेवून म्हणाल्या, "एकदा बघा ना. खरंच गेलेत का, ते. नाहीतर मला झोप नाही यायची."

मी दिवा जोडला. पुलीवर धरला. दहा. दिवा वर उचलून डब्यावर धरला. डबा, वायरी, घट्ट आवळलेला बोल्ट. पंजा नाही.

"गेले?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"गेले."

त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि तशाच राहिल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मी बघितलं नाही. मी माझ्या दिव्याची वायर गोळा करायला वळलो. ही वायर लांब असते, लोंबते. इंजिनाच्या पंख्यात गेली तर दिवा तर जातोच, बोटंही जातात. मी त्या गडबडीत ती सांभाळलीच नव्हती. म्हणून दचकून पंख्याकडे दिवा फिरवला.

वायर पंख्यापासून वीतभर दूर होती. कुणीतरी धरली होती.

लख्ख, काळोख, लख्ख... दोन हात होते. लहानखुरे, वयस्कर बाईचे, स्वच्छ. तेलाचा एक डाग नाही. एका हाताच्या दोन बोटांत माझी वायर नाजूकपणे उचलून धरलेली. दुसऱ्या हाताने किमोनोची पांढरी बाही मागे ओढून धरलेली, ती पंख्याला लागू नये म्हणून. चांगल्या घरातली बाई वाढताना रश्शाच्या वाडग्यावर बाही धरते ना, अगदी तशी.

मालवाहतुकीच्या धंद्यात एक नियम आहे, परतीची खेप रिकामी आणू नये. आम्ही तो पाळला होता. कुणाचा माल, ते मात्र पावतीवर नव्हतं.

"फुसाए-सान," मी म्हटलं. "इंजिन... बंद करा आता."

त्यांनी किल्ली फिरवली. एका क्षणात इंजिन थांबलं, दिवा विझला. पंखा फिरत फिरत मंद झाला. माझ्या हातातली वायर अलगद सैल झाली, कुणी सोडावी तशी.

बाई उतरल्या, डोळे पुसले. चेहरा असा की वीस वर्षांनी लहान दिसत होत्या. "घाबरलात का हो? या ना, कलिंगड गार करून ठेवलंय विहिरीत. कापते दोन फोडी."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. उद्याची अकरा घरं त्या चेहऱ्यावर मांडलेली होती.

"तीन कापा," मी म्हटलं.

"दोघांना तीन?"

"भूक आहे."

माझी फोड मी कशीबशी संपवली, तिसरी तशीच ताटलीत ठेवून घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन. अकराही डबे वेळेवर पोचले. गाडी लोण्यासारखी चालली, सीट जागच्या जागी होती, आरशात रस्ता दिसत होता. मी अभिनंदन केलं. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या,

"आणि एक विचारायचं होतं. काल तुम्ही कलिंगडाच्या बिया ताटलीच्या काठाला अशा ओळीने लावून ठेवल्यात. एकसारख्या अंतरावर, सगळ्यांची टोकं आत. तुम्ही नेहमी असंच खाता का?"

मी हो म्हणालो.